भाचीसाठी ‘केतकी’ नाव कसं वाटतंय? घरात दोन पार्ट्या पडल्यात

शिवाजीपेठची_आत्ती
मंडळी, भावाला मुलगी झाली. बारसं पुढच्या आठवड्यात आहे आणि नाव ठेवायचा मान आत्तीचा, म्हणजे माझा. पण मान नुसता म्हणायला. घरात जो तो आपापलं नाव पुढं रेटायला लागलाय.

भटजींनी पत्रिका बघून सांगितलं, पुनर्वसू नक्षत्र, पहिला चरण, मिथुन रास, अक्षर ‘के’. ‘के’ ऐकल्या ऐकल्या वैनीनं ‘केतकी’ सांगून टाकलं. तिच्या मनात ते आधीपास्नंच होतं असा माझा संशय आहे. मला तर नाव लय आवडलं. श्रावणातली पोरगी, बाहेर धो धो पाऊस, आणि केवडा यायचे हेच दिवस.

आईचा मात्र साफ नकार. आमचं कुलदैवत जोतिबा, म्हणजेच केदारनाथ. ती म्हणते, केतकीला शंकरानं शाप दिलाय, ते फूल पिंडीवर चालत नाही, आणि आपण केदारनाथाची माणसं. देवाला नको असलेलं नाव पोरीच्या कपाळी कशाला? भाऊ म्हणतो नाव जुनं झालंय, शिवाय पोरं त्याचं ‘केतू’ करणार, राहू-केतूतला. आबा म्हणतात ‘तारा’ ठेवा आणि चहा टाका.

शापाची गोष्ट नेमकी काय आहे? आणि आजकाल हे नाव कोण ठेवतं का? माहिती असलेल्यांनी सांगा. नुसतं ‘छान नाव आहे’ म्हणू नका, त्यानं आई ऐकायची नाही.

तांबडापांढरा
अभिनंदन! पेढे कुठायत?
माझं मत आबांना. ताराराणींनी १७१० साली करवीरची गादी उभी केली, पोरीला त्यांचं नाव मिळालं तर वाईट काय? वर तारा म्हणजे आभाळातली चांदणी, म्हणजे निसर्गाचंही झालं. दोन्ही पार्ट्या गप.

शिवाजीपेठची_आत्ती
पेढे नाहीत, घुगऱ्या मिळतील. आणि ताराचं म्हणशील तर आमच्या गल्लीत हाक मारली की चारपाच घरांतनं ‘ओ’ येते. त्यात अक्षर ‘के’ आहे, आबांना ते कोण सांगणार.

गगनबावडा_रानवाटा
नावाचं तुम्ही ठरवा, मी झाडाचं सांगतो.

केतकी म्हणजे आपला केवडाच. शास्त्रीय नाव पँडॅनस ओडोरिफर, जुन्या पुस्तकांत ओडोरॅटिसिमस लिहिलेलं सापडेल. घाट उतरून कोकणात गेलात की ओढ्याच्या आणि खाडीच्या कडेला याची बनं दिसतात. खोडातनं खाली आधारमुळं सुटतात आणि जमिनीत रुततात, त्यामुळं काठाची माती धरून ठेवायला हे झाड एक नंबर. पानं दोनतीन हात लांब. त्यांच्या दोन्ही कडांना काटे, आणि पान उलटं केलं की मधल्या शिरेवरही काटे. हात घालताना कडा सांभाळून घालतो आणि नेमकं मधल्या शिरेवर ओरबाडतंय, हे नवख्याचं ठरलेलं.

आता गंमत. यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. आपण ज्याला केवड्याचं कणीस म्हणतो, ज्याचा वास घरभर सुटतो, ते नर झाडाचं. पिवळसर पांढरी पानं असतात त्या पाकळ्या नव्हेत, फुलोरा झाकणारी पानं आहेत ती. आत बोट फिरवलं की परागाची पूड लागते. मादी झाडाला अननसासारखं दिसणारं फळ धरतं, पिकलं की केशरी होतं. तिच्या फुलोऱ्याला असला घमघमाट नसतो. म्हणजे ज्या वासावरनं पिढ्यान् पिढ्या पोरींची नावं ठेवली, तो वास बाप्यांचा निघाला.

तांबडापांढरा
मग पोरगा असता तर ‘केतक’ ठेवायला लागलं असतं म्हणा की.

कागलची_आक्का
केवड्याच्या बनात नाग असतो म्हणतात. वासाला येतो. आमच्या आईनं आम्हाला कधी जवळ जाऊ दिलं नाही. मी अडवत नाही, पण एकदा सांगून ठेवलेलं बरं.

गगनबावडा_रानवाटा
आक्का, साप वासाला येत नाही. दाट, काटेरी, ओलसर जागा असते, बेडूक-उंदीर भरपूर, माणूस आत शिरत नाही. सापाला आणखी काय पाहिजे? तसा तो उसाच्या फडातही असतोय, म्हणून कोण ऊस लावायचा थांबलंय का आपल्या जिल्ह्यात.

निवृत्त_संस्कृतशिक्षिका
शापाची कथा विचारलीत म्हणून सविस्तर लिहिते. ती शिवपुराणात, विद्येश्वर संहितेत आहे. आपण सगळे ती अर्धीच सांगतो, आणि घोळ तिथंच होतो.

ब्रह्मदेव आणि विष्णू यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून भांडण जुंपलं. मध्ये अग्नीचा खांब उभा राहिला. त्याचा शेंडा शोधायला ब्रह्मदेव हंस होऊन वर गेला आणि बुंधा शोधायला विष्णू वराह होऊन खाली. विष्णूला बुंधा सापडला नाही, त्यानं तसं सरळ सांगितलं. ब्रह्मदेवाला शेंडा सापडला नाही, पण वाटेत वरून पडत येणारं केतकीचं फूल भेटलं. त्याला त्यानं गळ घातली, ‘मी शेंडा पाहिला अशी साक्ष दे.’ फुलानं खोटी साक्ष दिली. शंकर प्रगटले आणि म्हणाले, ‘माझ्या पूजेत तुला जागा नाही.’ तुमच्या आईंना माहीत आहे ती गोष्ट इथवर.

पण त्याच प्रसंगात पुढं केतकी शंकराच्या पाया पडते, ‘तुमचं दर्शन होऊनही माझा जन्म फुकट जाणार का?’ म्हणून विनवते. तेव्हा शंकर तिला सांगतात की मी तुला धारण करणार नाही, माझा शब्द खोटा होणार नाही. पण माझे भक्त तुला धारण करतील आणि तुझा जन्म सफल होईल, शिवाय मंडपाच्या रूपानं तू माझ्या डोक्यावर असशील.

आता तुम्हीच बघा. देवानं स्वतः घेणार नाही म्हटलं, पण भक्तांच्या अंगाखांद्यावर तिची जागा करून दिली. जोतिबाच्या भक्ताच्या घरात केतकी नावाची मुलगी मांडीवर खेळली तर ते कथेला धरूनच झालं. आईंना हे वाचून दाखवा. संस्कृत नको असेल तर मराठी शिवपुराण कुठल्याही जुन्या घरात मिळेल.

शिवाजीपेठची_आत्ती
बाई, साष्टांग नमस्कार. हा मुद्दा वैनीला फोनवर वाचून दाखवला, तिनं लगेच स्पीकर लावला. आई ऐकत होती. म्हणाली, ‘म्हणजे खोटी साक्ष दिली हे खरंच आहे न्हवं?’

तांबडापांढरा
😂 आई वकील आहेत का?

कपिलतीर्थाजवळची
खोटी साक्ष ब्रह्मदेवानं द्यायला लावली, फूल बिचारं वाटेनं चाललेलं. गुन्हा कुणाचा आणि शाप कुणाला, हे आपल्याकडं नवीन नाही. त्याचा बोजा बारा दिवसांच्या पोरीवर कशाला?

आणि शंकराला चालत नाही म्हणता, तर हरतालिकेला काय करता? पार्वतीनं शंकर मिळावा म्हणून केलेलं व्रत ते, आणि त्यालाच केवडा लागतो. हरतालिकेच्या आदल्या दिवशी मंडईत या. कणीस अख्खं फार कमी बायका घेतात, महाग पडतं. विकणारा ते उलगडून एकेक पान सुटं करतो, चाकूनं कडेचे काटे तासतो, मग पुडी बांधतो. तोवर त्याची बोटं पिवळी झालेली असतात आणि शेजारच्या दवण्याचा वासही दबून जातो. गणपतीच्या एकवीस पत्रींतही केवड्याचं पान आहे. लेकाला चालतं, आईला चालतं. घरातल्या एकाला चालत नाही म्हणून एवढं काय.

बिदरची_सून
माहेर इचलकरंजी, सासर बिदर. आमच्याकडनं जवळच, तेलंगणात जहीराबादच्या बाजूला झरासंगम गाव आहे. तिथल्या महादेवाचं नावच केतकी संगमेश्वर, आणि तिथं शंकराला केतकीचं फूल वाहतात! महाराष्ट्रातनं, कर्नाटकातनं लोक मुद्दाम येतात. सासरी पहिल्यांदा नेलं तेव्हा मीही चकित झाले होते. शाप सगळीकडं सारखा लागू नाही म्हणायचा. तुमच्या आईंना सांगा, महादेवानं आपल्या नावाच्या आधी तिचं नाव लावून घेतलंय.

शिवाजीपेठची_आत्ती
हे मात्र आईला लागलं. काही बोलली नाही, पण ‘गाव कुठलं म्हणालीस?’ म्हणून दोनदा विचारलं.

तटस्थ_माणूस
मला एक कळत नाही. २१व्या शतकात पोरीचं नाव ठेवायला पुराणातनं ना हरकत दाखला आणायचा का? आवडलं, ठेवा. नक्षत्राचं अक्षर तरी कशाला पाहिजे?

निवृत्त_संस्कृतशिक्षिका
आजीचं मन मोडून नाव ठेवण्यापेक्षा आजीला पटवून ठेवलेलं बरं, एवढंच कारण आहे. पुराण आजीच्या बाजूनं बाहेर आलं होतं, ते नीट वाचलं तर नातीच्या बाजूनंही बोलतं, हे दाखवलं. कुणाला पुराण नको असेल तर कालिदास घ्या. मेघदूतात मेघ दशार्ण देशात पोचतो, तेव्हा तिथल्या बागांची कुंपणं टोकाशी उमललेल्या केतकींनी फिकट पिवळसर दिसतील असं यक्ष त्याला सांगतो. पावसाची चाहूल आणि केवडा ही जोडी तेव्हापासूनची.

गुजरीतला
आमच्या धंद्यातलं सांगतो. केसांत घालायच्या जुन्या दागिन्यांत केवडा आणि केतक असे दोन्ही आहेत, मूद-राखडीच्या बरोबरीनं. आता कोण घालत नाही, नऊवारी नेसून नाच असला की एक ग्रॅमचे मागायला येतात. पण आज्यांच्या डब्यात अजून सापडतात. बारशाला आजीला सोन्याचा केतक दाखवा, विरोध मावळतोय का बघा.

शिवाजीपेठची_आत्ती
सोन्याचा आजचा भाव सांगून भावाचा विरोध वाढवू नका ओ.

निपाणीचा_नातू
आमच्याकडं कन्नडात केदगी म्हणतात. आजी म्हणायची, तरुणपणी वेणीत केदगीचं पान गुंफायचो, आणि उरलेलं पेटीत लुगड्यांच्या घडीत. नाव म्हणून मात्र ‘केदगी’ कोण ठेवत नाही, ‘केतकी’ठेवतात. फूल देशी भाषेत आणि पोरगी संस्कृतात.

शाळेतल्या_बाई
आता दुसऱ्या प्रश्नाकडं येऊ का? आजकाल हे नाव कोण ठेवतं.

आपल्याकडं सरकार जन्माचे आकडे काढतं, पण कुठलं नाव किती जणांनी ठेवलं याची यादी काढत नाही. अमेरिकेत दरवर्षी अशी यादी निघते. म्हणून इंटरनेटवर ‘या वर्षीची सर्वांत लोकप्रिय मराठी नावं’ म्हणून जे फिरतं त्यावर जाऊ नका. माझ्याकडं एकच पुरावा आहे, हजेरीपट. प्राथमिक शाळेत आयुष्य गेलंय, तेवढ्यावरनं सांगते.

जुन्या दाखल्यांत, आजी-पणजीच्या पिढीत, नद्याच नद्या. गंगू, यमुना, गोदा, कृष्णाबाई, चंद्रभागा, भागीरथी. फुलं होती ती परसातली, शेवंता, गुलाब, चंपा. त्यानंतर सुमन, कुसुम, पुष्पा, मालती, कमल, लता आल्या. त्यातली पहिली तीन तर एक ठराविक फूल नव्हे, ‘फूल’ याच अर्थाचे शब्द. मग माझ्या वयाच्या बायका, उषा, संध्या, वर्षा, मेघा, सरिता. पहाट, सांज, पाऊस, ढग, नदी. पंचांगातलं एकही पान सुटलं नाही. त्याच्या पुढच्या पिढीत पुन्हा नेमकी फुलं आली, पण जरा निवडक, कवितेतली. सायली, जुई, केतकी, अबोली. आज त्या सगळ्या तिशी-चाळिशीत आहेत. माझ्या शाळेत सायली नावाच्या दोन आहेत आणि दोन्ही शिक्षिका आहेत.

आताच्या पहिलीच्या पटावर आर्वी, अन्वी, स्वरा, शिवन्या, मायरा. निसर्ग आहे, पण तो अवनी, ईरा, रेवा असा दोनतीन अक्षरांत बसणारा. रेवा म्हणजे नर्मदा, हे आईबापांना माहीत असतं, पोरीला नसतं. आणि आर्वी म्हणजे काय विचारलं तर प्रत्येक पालक वेगळा अर्थ सांगतो. मला तर वर्धा जिल्ह्यातलं आर्वी आठवतं, तालुक्याचं गाव आहे. त्यात आपल्या कोल्हापुरात जिजा, सई, तारा यांची लाट वेगळीच.

केतकी माझ्या पटावर गेल्या बऱ्याच वर्षांत आलेली नाही. तुमच्या भावाला ते ‘जुनं’ वाटतंय, मला ‘मोकळं’ वाटतं. वर्गात हाक मारली तर एकच मान वर होईल.

तांबडापांढरा
एक नाजूक प्रश्न. केतकी हे नाव जरा सदाशिव पेठेतलं वाटत नाही का? आमच्यात, म्हणजे तालमीच्या गल्लीत, मी तरी ऐकलेलं नाही.

शाळेतल्या_बाई
वाटतं. तसं होतंच. एके काळी कुठलं नाव कुठल्या घरातलं हे आडनाव न सांगता कळायचं. सायलीचंही तसंच होतं, पुढं ती सगळ्यांची झाली. केतकी मधेच अडकली, कारण तेवढ्यात फॅशन बदलली. फुलाचा मालक कोण नसतो. केवडा विकणारा कोकणातला, वाहणारी पेठेतली, अत्तर तर पार ओडिशातल्या गंजामचं.

गारगोटीकर
कारवी ठेवा! आमच्या डोंगरात सात वर्षांनी फुलते, सगळा उतार जांभळा होतो. असलं नाव कुणाचंच नसेल.

गगनबावडा_रानवाटा
नाव झकास आहे, पण कारवी एकदाच फुलते आणि बी पडलं की झाड मरतं. केतकीच्या शापाला अडलेली आजी हे ऐकून घेईल का? आणि अर्ध्या जिल्ह्याला कारवी म्हटलं की कुडाची भिंत आठवते.

पंचगंगाकाठ
नदीच पाहिजे तर बाहेरची कशाला, आपल्या पाच आहेत की. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती. तुळशी आणि सरस्वती तर तयार नावं आहेत. भोगावती ठेवलं तर मात्र साखर कारखान्याची सभासद आहे का विचारतील.

शिवाजीपेठची_आत्ती
अक्षर ‘के’, ‘के’, ‘के’! 🙏 कुंभी म्हणू नका आता.

केतकी_सध्या_बंगळूर
धागा उशिरा बघितला. मी स्वतः केतकी, माहेर राजारामपुरी. आतली माहिती देते.

केतू म्हणतात का? म्हणतात. शाळेत म्हणाले, कॉलेजात म्हणाले, नवराही लाडात तेच म्हणतो. माझं आजवर काही वाकडं झालेलं नाही, उलट ग्रहणाच्या दिवशी मैत्रिणींना चिडवायला मला एक हक्काचा विषय मिळतो. खरा ताप स्पेलिंगचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर मधला ‘ए’ होता, पॅनवर गळाला, आणि इथं दक्षिणेत ‘टी’च्या पुढं ‘एच’ चिकटवल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. पासपोर्टच्या वेळी ती सगळी भावंडं एका रांगेत आणायला मला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तेव्हा भावाला सांगा, केतूची काळजी सोड आणि इंग्रजी स्पेलिंग पहिल्या दिवशी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे.

अर्थाबद्दल म्हणाल तर बाहेरच्यांना पटकन कळत नाही. कन्नड माणसाला ‘केदगे’ म्हटलं की चेहरा खुलतो. उत्तरेकडच्यांना ‘केवडा’ म्हटलं की बिर्याणी आठवते. नावाची ओळख म्हणून बिर्याणी काही वाईट नाही.

लहानपणी मला एकाच गोष्टीचा राग यायचा. कुणीतरी काकू हमखास म्हणायच्या, ‘केतकी ना, मग रंग कसा केवड्यासारखा पाहिजे होता.’ मी सावळी. फुलाचं नाव ठेवलं की लोक पोरीकडून फुलाचा हिशेब मागतात, हे आत्तीबाईंनी लक्षात ठेवावं आणि असल्या काकूंना पहिल्याच दिवशी गप करावं. तेवढं काम आत्तीचंच.

शिवाजीपेठची_आत्ती
केतकीताई, हे काम माझ्याकडं लागलं. भाचीही सावळीच आहे, आणि एका मावशीबाईंनी दवाखान्यातच तोंड उघडलं होतं.

वॉर्डातला_माणूस
घाई कशासाठी चाललीय ते कळेना. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, ती सहसा दवाखान्यातनंच जाते. पण त्या वेळी बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते, नावाचा रकाना कोरा राहतो. १२ महिन्यांच्या आत नाव घातलं तर फी नाही. त्यानंतरही विलंब शुल्क भरून जन्मापासून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. म्हणजे आजीला पटवायला भरपूर मुदत आहे.

फक्त एक बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासनं सुधारित कायदा लागू झाल्यावर जन्मलेल्या मुलांना शाळेपास्नं आधार-पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी जन्मदाखला हाच मुख्य कागद झालाय. दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं. वरच्या केतकीताईंचं झालं तसं नको असेल तर अर्जावरची दोन्ही स्पेलिंगं जागच्या जागी वाचून घ्या. बापाचं आणि आईचं नावही. लोक बाळाचं नाव दहा वेळा बघतात आणि आईच्या नावातला काना तसाच राहतो.

कागलची_आक्का
आमच्यात पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं असायचं. माझं पाळण्यातलं नाव मला लग्नात कळलं, पत्रिका काढली तेव्हा. आजीला पाळण्यात पाहिजे ते नाव घेऊ दे, कागदावर केतकी लावा. बारशात चार नावं घेतली तरी कोण मोजतंय?

शिवाजीपेठची_आत्ती
बारसं काल झालं. कळवायला पाहिजे म्हणून लिहिते.

आईनं आदल्या रात्रीपर्यंत हो म्हटलं नव्हतं. शेवटी आबा म्हणाले, जोतिबाला जाऊन कौल लावून ये. तर ती म्हणाली, ‘एवढ्या पावसात डोंगर कोण चढतंय, देव्हाऱ्यातच विचारते.’ काय विचारलं ते तिनं सांगितलं नाही. सकाळी बघतो तर पाळण्याला बांधायला स्वतः मंडईतनं केवड्याचं पान घेऊन आलेली. काटेसुद्धा तासून. संस्कृतच्या बाई, मंडपाच्या रूपानं वर असशील, हे तिनं ऐकून ठेवलेलं दिसतंय. पान पाळण्याच्या वरच्या दांडीलाच बांधलं.

‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झाल्यावर मी कानात पहिलं नाव ‘केतकी’ घेतलं. मग आईच्या मनासाठी ‘यमाई’, जोतिबाच्या वाटेवरची. आबांच्या मनासाठी ‘तारा’. पोरांनी पाठीत असे धपाटे घातले की अजून दुखतंय. स्पेलिंग कागदावर लिहून भावाची सही घेतलीय. आई सध्या कुठल्याच नावानं हाक मारत नाही, ‘बाय माझी’ म्हणते.

मावशीबाई रंगावर काहीतरी बोलायला लागल्या होत्या. त्यांच्या हातात घुगऱ्यांची वाटी दिली आणि सांगितलं, आक्की, आमच्यात हा विषय बंद आहे. वैनी बघत होती.

बिदरची_सून
छान झालं! झरासंगमला यायचं ठरलं तर कळवा. कोल्हापूरहून सोलापूर, हुमनाबाद करून या.

तांबडापांढरा
घुगऱ्या कुरिअर होतात का?

नवीन_सभासद_उचगाव
नमस्कार, धागा वाचून आलो. आमच्या मुलीचं आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण. गुरुजींनी अक्षर ‘ङ’ काढून दिलंय. निसर्गातलं, अर्थपूर्ण, ‘ङ’ वरून सुरू होणारं मुलीचं नाव कृपया सुचवा. बारसं रविवारी आहे.

शाळेतल्या_बाई
चाळीस मुलांना बाराखडी शिकवली, ‘ङ’ला मी चित्र दाखवू शकले नाही, तुम्हाला नाव कुठून आणू.

निवृत्त_संस्कृतशिक्षिका
गुरुजींनाच विचारा. ‘ङ’ आला की त्याच नक्षत्रातलं दुसरं अक्षर घेतात, आर्द्रेला ‘कु’, ‘घ’, ‘छ’ आहेत. ‘कु’ घ्या. कुमुदिनी, कुंदा.

पंचगंगाकाठ
कुंभी अजून शिल्लक आहे.

शिवाजीपेठची_आत्ती
उचगावकर, नवीन धागा काढा. इथं आता फक्त घुगऱ्यांची रेसिपी विचारतील.